फटाक्यांचे रंग शिकायला दारू कालवावी लागत नाही

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावी विज्ञानला आहे आणि कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिने फटाक्यांच्या रंगांमागचे रसायनशास्त्र हा विषय निवडला आहे. व्हिडिओ पाहून तिला वाटते की लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची दारू चमचा-चमचा घरी कालवून गच्चीवर पेटवून दाखवता येईल. रसायने ऑनलाइन मिळतात. वडील शेजारी उभे राहतील, पाण्याची बादली ठेवतील. एवढी काळजी घेतली तर चालेल का? आणि निळा रंग इतरांसारखा खुलत का नाही, हे तिला पडलेले कोडे आहे.

उत्तर आधीच सांगतो. कालवणे नको. चमचाभर नको, तुमच्या देखरेखीखाली नको, गच्चीवरही नको. पण विषय सोडायला तिला अजिबात सांगू नका, कारण विषय सुंदर आहे आणि निळ्याबद्दल तिने जे विचारले आहे तो या सगळ्यातला सर्वात चांगला प्रश्न आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे रंगीत संकेत-ज्वाळा तयार करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. समुद्रात संकटात सापडलेले जहाज जी लाल ज्वाळा आकाशात सोडते, त्या जातीचे काम. तिथे रंग हा शोभेचा भाग नसतो, लाल हा लालच दिसावा लागतो, कारण पाहणाऱ्याने त्यावरून निर्णय घ्यायचा असतो. म्हणून या रंगांकडे मी फार जवळून पाहिले आहे.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेले आहेत. पहिला, रंग कुठून येतो? दुसरा, मिश्रण पेट कसे घेते आणि इतक्या वेगाने का जळते? प्रकल्पाला फक्त पहिला प्रश्न हवा आहे. धोका जवळजवळ सगळा दुसऱ्यात आहे. सुदैवाने पहिल्याचा अभ्यास दुसऱ्याला हात न लावता करता येतो.

आधी रंगांचे बोलू. धातूचा क्षार ज्योतीत गेला की उष्णतेने त्यातले इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात आणि खाली येताना ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. पातळ्यांमधले अंतर ठरलेले, म्हणून रंगही ठरलेला. हे तिच्या पुस्तकात असेल. पुस्तकात सहसा नसते ते असे, की फटाक्यातला रंग बहुतेक वेळा सुट्या अणूचा नसतो, रेणूचा असतो. सोडियमचा पिवळा मात्र अणूचाच, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या दोन जवळजवळच्या रेषा. पण लाल रंग देतात ते स्ट्रॉन्शियमचे एका क्लोरीनशी किंवा हायड्रॉक्सिलशी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीशी) जोडलेले रेणू, साधारण ६०० ते ६८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. हिरवा येतो बेरियमचा एक आणि क्लोरीनचा एक अणू मिळून झालेल्या रेणूपासून, साधारण ५०५ ते ५३५ च्या दरम्यान. कॅल्शियमचे असेच रेणू नारिंगी देतात. हे रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाहीत. बाटलीत मिळते ते बेरियम क्लोराइड दोन क्लोरीनवाले, ते वेगळे. एका क्लोरीनचा रेणू ज्योतीच्या उष्णतेतच जन्मतो आणि थंड होता होता नाहीसा होतो. म्हणजे गडद हिरवा किंवा लाल हवा असेल तर नुसता धातू पुरत नाही, ज्योतीत क्लोरीनही हजर लागतो.

पांढऱ्याची गोष्ट निराळी. मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमची भुकटी जळते तेव्हा ऑक्साइडचे तप्त कण तयार होतात आणि ते सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश देतात. फुलबाजीच्या सोनेरी ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे लोखंडाचे कण, तिथेही रंग तापमानाचा. भुईनळ्यातली झगझगीत पांढरी कारंजी बहुधा टायटॅनियम किंवा अॅल्युमिनियमची असतात. जांभळा मिळतो तो लाल आणि निळा एकत्र आणून, म्हणून निळा जमला नाही तर जांभळाही जमत नाही.

आता निळा. तो देतो तांब्याचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू मिळून होणारा रेणू, साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटरमध्ये. हा रेणू फार नाजूक. ज्योत जास्त तापली की तो तुटतो, आणि मग तांबे ऑक्सिजन किंवा हायड्रॉक्सिलबरोबर जाऊन हिरवट किंवा लालसर प्रकाश देऊ लागते. ज्योत थंड ठेवली की रेणू टिकतो, पण प्रकाश मंद पडतो. लालमध्ये तापमान वाढवून झगमगाट वाढवता येतो, निळ्यात तसे करायला गेलात की रंगच जातो. त्यात माणसाचा डोळा निळ्याला हिरव्याइतका संवेदनशील नाही. आणि वर सोडियम. कच्च्या मालात, बांधणीच्या गोंदात, कामगाराच्या घामात, कुठूनही नखभर सोडियम आले की त्याचा पिवळा बाकी सगळ्यांवर बसतो. ढोलताशाच्या पथकात बासरी ऐकू यावी अशी अपेक्षा करण्यासारखे ते आहे. आमच्याकडे कच्च्या मालाची नवी खेप आली की आधी त्यातले सोडियम तपासले जाई.

इथवरचे सार असे: रंगासाठी धातू, क्लोरीन आणि योग्य तापमान लागते, आणि निळ्यासाठी त्या तापमानाची खिडकी सर्वात अरुंद असते. यात स्फोटाचा कुठेही संबंध आला नाही, याकडे मुलीचे लक्ष वेधा.

दुसऱ्या प्रश्नाकडे मी मुद्दाम प्रमाणे किंवा पाककृती न देता जातो. साधे इंधन जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो, म्हणून त्यावर झाकण ठेवले की ते विझते. फटाक्याच्या दारूत ऑक्सिजन देणारे रसायन इंधनाला चिकटूनच असते. हवा नसली तरी ते जळते, झाकले तर दाब वाढून जास्त वेगाने जळते. पाण्याच्या बादलीवर भरवसा ठेवू नका असे मी म्हणतो ते याचसाठी. एक तर तुम्ही बादलीकडे वळेपर्यंत सगळे झालेले असते. दुसरे, जळत्या मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमवर पाणी पडले तर त्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. विझलेली गरम फुलबाजी बुडवायला बादली उत्तम आहे, कालवलेल्या दारूपासून ती तुमचे रक्षण करणार नाही.

रंग चांगला यावा म्हणून जे जे करावे लागते ते ते मिश्रणाला अधिक हळवे, म्हणजे जराशा निमित्ताने पेटणारे, करते, ही या क्षेत्रातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. भुकटी बारीक हवी, मिसळण एकजीव हवी, क्लोरीन हवा, ऑक्सिजन कमी तापमानालाच सुटायला हवा. पोटॅशियम क्लोरेटमध्ये यातले बरेच एकदम मिळते, म्हणून त्याने रंगीत आतषबाजीचा इतिहास बदलला. त्याआधी सोरा (पोटॅशियम नायट्रेट), गंधक आणि कोळशाच्या दारूतून सोनेरी, नारिंगी आणि पांढऱ्याच्या छटा मिळत. पेशवाईतल्या पुण्यातही दारूकाम होई, पण आजच्यासारखे भडक लाल-हिरवे त्यात जवळजवळ नव्हते. फ्रान्समध्ये बर्थोले यांनी १७८० च्या दशकात क्लोरेट तयार केले. बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी ते वापरून पाहण्याचा प्रयोग १७८८ मध्ये पॅरिसजवळ एसोन इथे झाला तेव्हा स्फोट होऊन दोन माणसे मेली. बर्थोले आणि लाव्हाझिए दोघेही त्या दिवशी तिथे हजर होते. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारी माणसे समोर असतानाही ते मिश्रण आवरले नाही, हे मुलीला जरूर सांगा.

क्लोरेट आणि गंधक एकत्र आले की घर्षणाने, हलक्या आघाताने, कधी गंधकातल्या आम्लाच्या अंशानेही ते पेट घेऊ शकतात. म्हणूनच भारतात १९९२ मध्ये क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या फटाक्यांवर बंदी आली. ऑनलाइन डब्यात काय आले, ते किती शुद्ध आहे, लेबलवर लिहिलेलेच आत आहे का, हे घरी कळायला काही मार्ग नाही. व्हिडिओत दाखवणाऱ्याचे मिश्रण पेटले नाही म्हणजे तुमचेही पेटणार नाही, असे होत नाही. दाण्यांचा आकार, हवेतला ओलावा, वाटीचा खरखरीतपणा, नायलॉनच्या कपड्यावरची स्थिर वीज, एवढ्यावर फरक पडतो.

"थोडेच करू" हा युक्तिवाद मी अनेक सुशिक्षित पालकांकडून ऐकला आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. दूर उडणाऱ्या फटाक्यासाठी काही ग्रॅम थोडे असतात. कालवताना मात्र तेच काही ग्रॅम बोटांच्या चिमटीत आणि डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतात. बोटे आणि नजर जायला तेवढे पुरते. आमच्याकडे नवे मिश्रण पहिल्यांदा काही मिलिग्रॅम इतकेच करत, तेही आडपडद्यामागे. मग ठरलेल्या उंचीवरून वजन टाकून, घासून, ठिणगी देऊन ते किती हळवे आहे हे मोजत, आणि त्या आकड्यांनंतरच पुढे जात. सुती कपडे, ठिणगी न देणारी अवजारे, जमिनीला जोडलेली तारेची सोय, एका खोलीत मोजकी माणसे आणि मोजकाच माल, हे नियम कोणाच्या तरी जिवाच्या मोलाने लिहिले गेले आहेत.

साठ्याचेही तसेच. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या परवूरच्या पुट्टिंगल मंदिरात आतषबाजी चालू असताना साठवलेल्या फटाक्यांनी पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. केकवरची मेणबत्ती कोणालाही धोक्याची वाटत नाही. एक एक जळते तेव्हा ती तितकी धोक्याची नसतेही, पण ती भरणाऱ्या बायांच्या भोवती त्या दारूचा ढीग असतो. मला त्या बातमीने फार दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

कायद्याचे एका परिच्छेदात. परवान्याशिवाय फटाक्याची दारू बनवणे हा १८८४ च्या स्फोटके कायद्याखाली आणि २००८ च्या स्फोटके नियमांखाली गुन्हा आहे, प्रमाण थोडे असले तरी. हे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. प्रदर्शनाच्या तक्त्यावर बेरियमचा हिरवा दाखवताना तिने हेही लिहावे.

आता ती काय करू शकते. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत काय आहे, शिक्षक किती वेळ देतील आणि प्रदर्शनाच्या मांडवात ज्योत पेटवू देतात का, यावर अवलंबून आहे. बर्नर, पुरेशी खेळती हवा, चष्मे आणि सोबत शिक्षक असतील तर पुढचे सगळे करता येईल. नसतील तर प्रयोग एकदा प्रयोगशाळेत करून फोटो घ्यावेत आणि मांडवात फोटो व प्रकाशातले रंग फाकवून दाखवणारा वर्णपटमापक ठेवावा. परीक्षकांना ज्योतीपेक्षा मोजमापे जास्त आवडतात, असा माझा अनुभव आहे.

पद्धत साधी आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वेगवेगळ्या क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात रात्रभर भिजवायच्या. ओली काडी बर्नरच्या निळ्या ज्योतीच्या कडेला धरायची, रंग पाहायचा आणि लाकूड पेटण्याआधी काढून पाण्यात बुडवायची. पाणी ऊर्ध्वपातित हवे, काडी चिमट्याने धरायची, प्रत्येक क्षाराला नवी काडी. नुसत्या पाण्यात भिजवलेली एक काडीही हवी, नाहीतर लाकडातल्या आणि बोटांवरच्या सोडियमचा पिवळा तिला फसवेल. मीठ पिवळा देईल. कॅल्शियम क्लोराइड नारिंगी. पोटॅशियम क्लोराइड फिकट जांभळा, तोही निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिला तर नीट, कारण ती काच सोडियमचा पिवळा अडवते. स्ट्रॉन्शियम क्लोराइड प्रयोगशाळेत असेल तर लाल. हिरव्यासाठी बेरियम वापरायला मी सांगणार नाही, त्याचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी असतात. पोटाचा एक्स-रे काढताना पाजतात ते बेरियम सल्फेट विरघळत नाही म्हणून चालते. त्याऐवजी बोरिक अॅसिड घ्यावे, कॅरमच्या फळीवर टाकतात ती बोरिक पावडर. बोरॉनचा हिरवा फिकट असला तरी स्पष्ट दिसतो.

आणि तिच्या निळ्यासाठी एक जोडी: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि कॉपर क्लोराइड. दोन्हींत तांबे तेच. मोरचुदाची काडी हिरवी ज्योत देते. कॉपर क्लोराइडच्या काडीत, विशेषतः पहिल्या काही क्षणांत, निळा उठून दिसतो. फरक क्लोरीनचा. हाच तिच्या प्रश्नाचा पुरावा आहे, आणि त्यात स्फोटक असे काहीही नाही. ज्योतीच्या खालच्या भागात आणि वरच्या तप्त भागात काडी धरून रंग बदलतो का हेही तिने पाहावे. निरीक्षण जसे दिसेल तसे लिहावे, अपेक्षेप्रमाणे नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नये. क्षारांवर मिथेनॉल किंवा स्पिरिट ओतून रंगीत ज्योतींची रांग लावायचा प्रयोग पूर्वी लोकप्रिय होता. बाटलीतून आणखी स्पिरिट ओतताना ज्योत वाफेवरून मागे धावते आणि समोरच्या बाकावरची मुले भाजतात. असे अपघात वारंवार झाल्यावर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्ये उघड्या टेबलावर असे प्रयोग बंद करायला सांगितले. काड्यांची पद्धत त्याच जागी सुचवली जाते.

वर्णपटमापक घरी बनवता येतो. आतून काळा केलेला पुठ्ठ्याचा खोका, एका टोकाला अगदी बारीक फट, आत तिरकी लावलेली जुनी सीडी आणि वर डोळ्यासाठी किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी भोक. सीडीवरच्या चाकोऱ्या एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, डीव्हीडीवर ०.७४, म्हणून डीव्हीडी रंग जास्त फाकवते. फट कापायचे काम मोठ्यांनी करावे. मोजपट्टी ठरवायला जुना सीएफएल दिवा लावावा. त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरला ठळक दिसतात. फोटोत या दोन रेषांमधले अंतर मोजले की त्या प्रमाणाने मिठाच्या ज्योतीतली पिवळी रेषा कुठे येते ते काढता येते. ५८९ च्या काही नॅनोमीटर अलीकडे-पलीकडे आली तरी पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी ते उत्तम आहे. १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी गुंटूरहून सूर्याचा वर्णपट पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन आणि त्यांचे समकालीन अशाच रेषा वाचत होते. सोडियमच्या शेजारी पण सोडियमची नसलेली ५८७.६ ची पिवळी रेषा पुढे हेलियमची निघाली. सोडियमची रेषा स्वतःच्या खोक्यात सापडली की अकरावीतल्या मुलीला या गोष्टीचे मोल कळेल.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फुसके निघालेले लवंगी आणि सुतळी बॉम्ब गोळा करून, मोडून, त्यातली दारू कागदावर पेटवायची सवय मुलांना असते. "निदान तीच दारू वापरू का" असे ती विचारेल, तर त्यालाही नाहीच. त्यात काय आहे हे माहीत नसते आणि मोडतानाचे घर्षणच धोक्याचे असते. असे फटाके हात न लावता पाण्यात भिजवून टाकावेत. आणि मोरचुदाचे उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. तांबे पाण्यातल्या जीवांना घातक असते. बाटलीत भरून, नाव लिहून प्रयोगशाळेत परत द्या, तिथे ते पुढच्या तुकडीला वापरता येते.